जकात बसवतो कोण आणि भरतो कोण

(शेतकरी व विणकर मंडळींच्या सभेत झालेले भाषण)



जकात हा शब्द काढला म्हणजे आपल्यातील वडीलधाऱ्यांना गावाबाहेरचे नाके आठवते. गाडी अडवावी, पोती मोजावी, पैसे घ्यावे आणि चिठ्ठी हातात द्यावी. देशाची जकात ती हीच; नाके तेवढे बंदरावर असते. ती दोन तऱ्हेची. बाहेरून येणाऱ्या मालावर बसली तर इकडे तसलाच माल करणारा तगतो, पण तो माल विकत घेणाऱ्याच्या खिशाला चाट बसते. इकडून बाहेर जाणाऱ्या मालावर बसली तर पिकवणाऱ्याचा भाव मोडतो. एवढे ध्यानात ठेवा, म्हणजे पुढची हकीकत कळावयास अडचण पडणार नाही. काही शिकलेले लोक म्हणतात की हे अर्थशास्त्र कुणब्याला काय कळणार! अहो, कांद्याची पट्टी ज्याच्या हातात पडते त्याला ते न कळावयास काय झाले?

इंग्रज लोकांचे जकातीबद्दल मत काय, हे आज मला सांगावयाचे आहे. त्यांचे मत एक नव्हे; ज्याच्या पोटाला जसा चिमटा बसला तसे त्याचे मत झाले. १८१५ साली त्यांच्या पार्लमेंटात जमीनदारांचा जोर होता. त्यांनी परदेशी धान्यास आडकाठी घातली, म्हणून तिकडे भाकरी महाग झाली. पुढे मँचेस्टरचे गिरणीवाले बलवान झाले. भाकर स्वस्त असेल तर मजुरी कमी देता येते, हा त्यांचा हिशेब. १८४६ साली त्यांनी तो कायदा उठविला, आणि तेव्हापासून खुला व्यापार हा जणू देवाचा हुकूम आहे असे साऱ्या जगाला सांगू लागले.

या हुकुमाची झळ आपल्या जिल्ह्याला कशी लागली ते पाहा. १८६१ ते १८६५ अमेरिकेत आपसांत लढाई चालली होती. तिकडचा कापूस बंद झाला, म्हणून लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानचा कापूस चढ्या भावाने उचलला. शेतकऱ्याच्या हातात पैसा खुळखुळला, आणि सावकारानेही सढळ हाताने कर्ज दिले. लढाई संपली, भाव कोसळला, कर्ज मात्र राहिले. त्यावर सरकारी साराही वाढला. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला भडका उडाला तो आमच्या पारनेर, श्रीगोंदे, कर्जत व नगर तालुक्यांत पसरला. लोकांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. लगेच पुढच्या वर्षी मोठा दुष्काळ पडला.

अशा दिवसांत, १८७७ च्या जुलैत, लंडनच्या पार्लमेंटाने ठराव काय केला? हिंदुस्थानात विलायती कापडावर जी शेकडा ५ जकात आहे ती उठवावी! मुंबईत गिरण्या निघू लागल्या होत्या आणि मँचेस्टरला त्यांचे भय वाटत होते. १८७९ साली लॉर्ड लिटन यांनी आपल्याच कौन्सिलातील बहुमत बाजूस सारून जाड्याभरड्या विलायती कापडावरची जकात माफ केली. त्याच वर्षी दख्खनच्या शेतकऱ्यासाठी कर्जनिवारणाचा कायदाही झाला. एका हाताने सावकाराच्या तावडीतून सोडवावयाचे आणि दुसऱ्या हाताने खजिन्यातली रक्कम मँचेस्टरला बहाल करावयाची! खजिन्याला जी खोट आली ती आपल्यासारख्या सारा भरणाऱ्यांवाचून दुसरा कोण भरणार? १८८२ साली तर मीठ, दारू असले काही जिन्नस सोडून बहुतेक सगळीच आयात जकात गेली. पुढच्याच वर्षी जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात विलायती यंत्राच्या मालामुळे इकडचे कारागीर कसे उपाशी मरू लागले ते सांगितले आहे.

पुढे खजिना रिता झाला तेव्हा १८९४ साली जकात परत आली. पण मँचेस्टरचा रुसवा काढावयाचा म्हणून १८९६ साली विलायती कापडावर शेकडा साडेतीन आणि देशी गिरणीच्या कापडावरही तेवढीच पट्टी ठेवली. ही देशी कापडावरची पट्टी १९२५ च्या डिसेंबरात थांबली.

या पट्टीविरुद्ध सभा पुष्कळ झाल्या, व्याख्याने झाली, आणि ते योग्यच होते. पण नगरच्या, भिंगारच्या, संगमनेरच्या साळी, पद्मसाळी आणि मोमीन विणकराचे दुखणे निराळे होते. हातमागाला ती पट्टी लागूच नव्हती. त्याला लागत होते सूत. १९२७ साली जपानी मालापासून गिरण्या वाचवाव्या म्हणून परदेशी सुतावर रत्तलामागे निदान दीड आणा जकात बसली. गिरणीवाला सूतही काढतो आणि कापडही विणतो; त्याला दोहींकडून लाभ. विणकर सूत विकत घेतो आणि लुगडे विकतो. सूत महाग झाले म्हणून गिऱ्हाईक त्याला लुगड्याचा भाव वाढवून देत नाही. अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चिल साहेबांनी नगरास सुधारलेला हातमाग तयार केला होता, त्यावर काम झपाट्याने होई हे खरे. पण माग सुधारला म्हणून सुताचा भाव उतरत नाही. स्वदेशी म्हटले की सगळे देशी एकाच पंगतीला बसले असे समजू नका. पंगतीत वाढपी कोण आहे ते आधी पाहावे.

आता विलायतेच्या मजुराची बाजू सांगतो, कारण तोही आपल्यासारखाच कष्टकरी. १९१३ साली लँकेशायरहून हिंदुस्थानात सुमारे ३०० कोटी यार्ड कापड येत होते. १९३८ पर्यंत त्याचा दहावा हिस्साही उरला नाही. इकडच्या गिरण्या वाढल्या, जपानी माल स्वस्त पडला, येथील जकात चढत गेली आणि विलायती कापडावर बहिष्कारही पडला. तिकडे मागांना कुलपे लागली. १९३१ च्या सप्टेंबरात गांधीजी लँकेशायरात डार्वेन गावी गेले आणि त्या बेकार मजुरांना भेटले. तुमची विपत्ती मला दिसते, पण आमच्याकडची त्याहून कितीतरी पट मोठी आहे, असा त्यांच्या सांगण्याचा भाव होता. मजुरांनी त्यांचे स्वागत प्रेमाने केले. आणि खुल्या व्यापाराचे ते व्रत? १९३२ साली इंग्लंडानेच परदेशी मालावर सरसकट शेकडा १० जकात बसविली! स्वतःचे पोट आवळले तेव्हा देवाचा हुकूमही फिरला.

ती गिरणगावे पुन्हा पूर्वीसारखी उभी राहिली नाहीत. २०१६ साली युरोपच्या व्यापारी संघातून बाहेर पडावे की राहावे असा कौल घेतला, तेव्हा बर्न्ली या जुन्या गिरणगावात तीनांतल्या दोघांनी बाहेर पडा असे सांगितले. गांधीजी उतरले त्या डार्वेनच्या भागाचाही कौल बाहेर पडण्याचाच होता. आमचे कोणी ऐकत नाही, हा राग मतपेटीत पडला. २०२० साली इंग्लंड बाहेर पडले. मग नवा गिऱ्हाईक आणि नवा सोयरा शोधणे त्याला भाग झाले.

तसा सोयरा म्हणून २४ जुलै २०२५ रोजी भारताशी करार झाला. कापडावर तिकडे शेकडा १२ पर्यंत असलेली जकात काढावयाची असे ठरले. इकडे त्यांच्या व्हिस्कीवरची शेकडा १५० ची जकात आधी ७५ आणि दहाव्या वर्षी ४० करावयाची. दूधदुभते आपल्या सरकारने करारातून वगळले. संगमनेर, राहाता, अकोल्याकडे ज्या घरांचा महिना दुधाच्या पगारावर चालतो त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

वगळले नसते तर काय होते, ते इंग्लंडातच त्याच वर्षी दिसले. अमेरिकेने सर्वांच्या मालावर जकात वाढविली, तेव्हा इंग्लंडाने मे महिन्यात तिच्याशी तडजोड केली. वर्षाला एक लाख इंग्रजी मोटारी अमेरिकेत शेकडा १० जकातीने जाव्या. बदल्यात अमेरिकेचे १४० कोटी लिटर इथेनॉल इंग्लंडात बिनजकात यावे. हल शहराजवळ गव्हापासून इथेनॉल काढणारा मोठा कारखाना होता, आसपासचे शेतकरी त्याला गहू घालीत. ऑगस्टात तो बंद पडला. मोटारवाला तरला आणि गहूवाला बुडाला. करार मात्र दोघांच्या नावाने झाला.

ही गोष्ट नगर जिल्ह्याच्या उसाला जवळची आहे. १९३२ साली जावाच्या साखरेवर संरक्षक जकात बसली, तेव्हा तिच्या आडोशाने खाजगी कारखाने भराभर निघाले. शेतकऱ्याचा स्वतःचा कारखाना उभा राहावयास मात्र विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचे प्रवरानगर, १९५० साल, यावे लागले. आज हे कारखाने इथेनॉलही काढतात. भारत परदेशी इथेनॉल अडवतो अशी तक्रार अमेरिकेने २०२५ साली लेखी केलेली आहे.

आपले इकडे कोणी ऐकते काय, असे विचाराल तर कांद्याकडे पाहा. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्याच्या निर्यातीवर शेकडा ४० जकात बसली. व्यापारी हिशेब उलटा मांडतो. समजा परक्या बाजारात किलोला २८ रुपये पडतात, तर २० रुपये माल आणि ८ रुपये जकात. ते ८ आधी वजा, मग भाडे, बारदान, त्याचा नफा. उरेल तो घोडेगावच्या किंवा नेप्तीच्या बाजारातला तुमचा भाव. दुबईचा गिऱ्हाईक जास्त देत नाही, तो दुसऱ्या देशाचा कांदा घेतो. डिसेंबरात तर निर्यातच बंद केली, आणि त्याच महिन्यात उसाच्या रसापासून इथेनॉल काढण्यासही आडकाठी घातली. बंदी उठली ४ मे २०२४ रोजी. नगरचे लोकसभेचे मतदान होते १३ मे रोजी! जकात ४० ची २० झाली ती सप्टेंबरात, विधानसभेच्या मतदानाला दोन महिने असताना. आणि पुरती गेली ती १ एप्रिल २०२५ रोजी. तारखा मी जुळविलेल्या नाहीत, सरकारी कागदांत आहेत.

आता साखर कारखान्याची सर्वसाधारण सभा येईल. तेथे भावाचा प्रश्न तुम्ही विचारालच. त्याच्या जोडीला एवढे विचारा की परदेशी इथेनॉलची गोष्ट दिल्लीत निघाली तर आपल्या वतीने तिथे कोण बोलणार आहे, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. विणकर बंधूंनी सुताच्या भावाबद्दल आपल्या सोसायटीत हेच करावे. माझ्यामागून आणखी दोघांना बोलावयाचे आहे, म्हणून मी खाली बसतो.