पाहुण्यांची झोप



आपल्या वर्गाच्या बाई मला म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्या घरी पाहुणे राहायला येतात. त्याबद्दल चार शब्द सांगा." मास्तराला चार शब्द सांग म्हटले की तो चाळीस मिनिटे बोलतो. हे बाईंना अजून ठाऊक नसावे. असो.

आपले गाव दापोली तालुक्यातले, समुद्रकाठचे. आंबा, नारळ, सुपारी ही आपली पिके. आता त्यांच्या जोडीला एक नवे पीक आले आहे. मुंबई-पुण्याची माणसे सुट्टीत येतात. दोन दिवस खोली भाड्याने घेतात, राहतात, जेवतात आणि जातात. माझ्या मुलाने मागच्या पडवीच्या दोन खोल्या केल्या. वर पत्रे घातले. आतच न्हाणी आणि संडास बांधला. त्यासाठी सोसायटीचे कर्ज काढले.

पाहुण्याला काय लागते? आम्ही समजत होतो, ताजे जेवण लागते, धुतलेली चादर लागते, नळाला पाणी लागते. झोप लागते, हे काही आमच्या ध्यानात आले नव्हते.

२०२३ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. पुण्याहून एक कुटुंब आले. नवरा, बायको, दोन मुले आणि आजी. आजींच्या हृदयाचे ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते. म्हणून त्यांच्या मुलाने आधी फोनवर विचारले होते, "जागा शांत आहे ना?" माझा मुलगा म्हणाला, "अगदी शांत. समुद्राशिवाय दुसरा आवाज नाही."

तो खोटे बोलला नाही. पण शनिवारी शेजारी हळद होती. पत्रिका आमच्या देव्हाऱ्यापुढेच ठेवलेली होती. पाहुणे त्याच शनिवारी येणार होते. या दोन गोष्टी जोडून पाहाव्या, हे त्याला सुचले नाही. मलाही सुचले नाही, आणि मी तर छत्तीस वर्षे मुलांना बेरीज शिकवली.

शेजारी म्हणजे माझा चुलत भाऊ. दोघांत कुंपण एकच. संध्याकाळी डीजेची गाडी आली. माणसाएवढे दोन बॉक्स उतरले. त्यांची तोंडे नेमकी आमच्या पडवीकडे. सुरुवातीला पाहुण्यांनाही मजा वाटली. त्यांची मुले अंगणात नाचली. मग नऊ वाजले, दहा वाजले, अकरा वाजले. पत्रे थरथरू लागले. फडताळातली भांडी वाजू लागली. आजी अंथरुणात उठून बसल्या. त्यांचा हात छातीवर होता.

त्यांचा मुलगा बाहेर आला. माझ्या मुलाला म्हणाला, "दादा, जरा त्यांना सांगता का?"

माझा मुलगा म्हणाला, "लग्नघर आहे हो. आमच्या हातात काय आहे? बारापर्यंत संपेल."

मी ओटीवर जागाच होतो. सगळे ऐकत होतो. उठलो नाही.

का उठलो नाही? खरे ते सांगतो. आमची विहीर सामाईक आहे. बांधावरून आमचे दोन वर्षे बोलणे नव्हते, ते नुकते सुरू झाले होते. नवरी तर माझ्याच शाळेत शिकलेली. मी मनाशी म्हटले, पाहुणा दोन दिवसांचा, भाऊबंद जन्माचा. आणि कूस बदलली.

साडेअकराला त्यांनी सामान बांधले. दापोलीत फोन केले. शनिवार होता, कुठेच जागा नव्हती. मग ते रात्रीच पुण्याला निघाले. ताम्हिणीचा घाट, अंधार, आणि मागच्या सीटवर आजी. निघताना आजींनी आमच्या घरच्यांचा हात धरला. म्हणाल्या, "तुमची काही चूक नाही हो." ते वाक्य मला अजून सोसत नाही.

मी सकाळपर्यंत ओटीवर बसून होतो. सहाच्या सुमाराला फोन आला. पोचले होते. आजी बऱ्या होत्या. मुलाने सगळे पैसे परत पाठवले.

सकाळी चुलत भाऊ लाडू घेऊन आला. त्याला सगळे कळले. तो ओटीवरच उभा राहिला. म्हणाला, "दादा, एक हाक मारायचीत की! बॉक्स फिरवले असते. बंद केले असते. आजारी माणूस आहे, हे मला कोण सांगणार?"

मी काय बोलणार? ज्याला भीत होतो, तो भाऊ असा निघाला.

त्यानंतर आम्ही घरात बसून विचार केला. काही आवाज गावाचेच असतात. समुद्राची गाज असते. पहाटे कोंबडा आरवतो. नारळाचा झाप पत्र्यावर पडतो. शिमग्यात रात्री पालखी येते, ढोल वाजतात. हे आवाज कोणी बंद करणार नाही, करूही नये. पण पाहुण्याला ते आधी माहीत हवेत. एकदा पहाटे पत्र्यावर वानरे उड्या मारू लागली. ठाण्याचे एक गृहस्थ चोर समजून पलंगाखाली गेले. बाहेर यायला तयार होईनात! आपण हसतो, पण ते बिचारे खरेच घाबरले होते.

मग सूनबाईने एक पाटी लिहिली. खोलीत लावली आहे. तुम्हाला ती आता वाचता येईल:

"पहाटे कोंबडा आरवतो. सकाळी वानरे पत्र्यावर येतात. घाबरू नये. रात्री काही त्रास झाला तर लगेच हाक मारावी. कितीही वाजले असले तरी चालेल."

शेवटचे वाक्य मी घालायला लावले. शेजारी लग्न असेल, बांधकाम असेल, तर ते आता आम्ही पैसे घेण्याआधीच फोनवर सांगतो. कोणी तारीख बदलतो. कोणी येतच नाही. न येवो. रात्री निघून जाण्यापेक्षा ते बरे.

आता कायद्याचे थोडे सांगतो. आवाज मोजण्याचे माप असते, त्याला डेसिबल म्हणतात. दोन माणसे समोरासमोर बोलतात, तो आवाज साधारण ६० डेसिबल असतो. आवाजाबद्दलचे सरकारी नियम २००० साली झाले. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर लावायचा नाही. दहाच्या आधी लावायचा तरी लेखी परवानगी लागते. सणासुदीला सरकार काही दिवस बारापर्यंत सूट देते. ते दिवस वर्षात १५ पेक्षा जास्त नसतात. घरच्या हळदीला ही सूट आपोआप मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २००५ साली सांगितले आहे की आपल्या घरातला आवाज बाहेर जाऊन दुसऱ्याला छळत असेल, तर तो आपला हक्क नव्हे.

पण भावाच्या दारात कायद्याचा कागद घेऊन जायचे नसते. तिथे माणसाने जायचे. कागद कुठे लागतो, तेही सांगतो.

२०२५ सालच्या जानेवारीत खालच्या आळीतला बंगला काही तरुणांनी दोन दिवसांसाठी घेतला. बाहेरगावचे होते. रात्री साडेदहाला अंगणात बॉक्स लावून मोठ्याने गाणी सुरू. आमच्याकडे पाहुणे होते, त्यांचे तान्हे मूल रडायला लागले. या वेळी मी उठलो. एकटा गेलो नाही. पोलीस पाटलांना बरोबर घेतले. प्यालेल्या माणसांपुढे एकट्याने जाऊ नये. मी हात जोडून सांगितले. एक जण म्हणाला, "काका, आम्ही पैसे मोजलेत." बंगल्याच्या मालकाला फोन लावला, तर बंद. आम्ही वाद घातला नाही. परत फिरलो आणि ११२ नंबर लावला. गाव, आळी, वेळ, किती वेळ आवाज चालू आहे, एवढेच सांगितले. पाऊण तासाने पोलिसांची गाडी आली. आवाज थांबला. तोवर तान्ह्याला घेऊन त्याची आई आमच्या माजघरात आली होती. रस्त्यापासून सर्वांत आतली खोली ती. घरच्यांनी तिथेच तिचे अंथरूण घातले.

तुम्हीही कधी परगावी खोली घेऊन राहाल. देवाला जाल, लेकीकडे बाळंतपणाला जाल. तेव्हा आधी विचारा, शेजारी काय आहे? स्टँड आहे का? हॉल आहे का? रात्री त्रास झाला तर रात्रीच सांगा. आम्ही दोघे एकदा एका लॉजमध्ये गिरणीच्या भिंतीला लागून झोपलो, म्हणजे झोपलो नाहीच. मी सकाळी तक्रार केली. मॅनेजर म्हणाला, "रात्रीच बोलायचं होतंत, मागची खोली रिकामी होती." अशी आमची मास्तरकी!

गेल्या वर्षी चुलत भावाच्या धाकट्या मुलीचे लग्न झाले. पंधरा दिवस आधी मी कुंपणाशी गेलो. हाक मारली. आम्ही दोघांनी मिळून जागा ठरवली. बॉक्स पार वाडीच्या टोकाला, तोंडे समुद्राकडे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज बराच उतरतो. दहाला पाच कमी असताना भावाने स्वतः डीजेवाल्याला खूण केली. मग बायका हळदीची गाणी म्हणत बसल्या. आमच्याकडे उतरलेले नाशिकचे जोडपे तिथेच जेवले. अकराला येऊन झोपले.

पुण्याचे ते कुटुंब पुन्हा आलेले नाही. यंदा पाडव्याला सूनबाईने आजींना फोन केला होता. त्या बोलल्या. म्हणाल्या, "आंबा कसा आहे यंदा?" सूनबाई म्हणाली, "बरा आहे. एक पेटी पाठवते."

पेटी परवा एस.टी.ने पाठवली आहे.