सहीखालची बारीक अक्षरे



मी कायदेपंडित नव्हे. सातवीत शाळा सुटली. पुढचे वाचन युनियनच्या कचेरीत, रात्रपाळी सुटण्याची वाट पाहताना झाले. पण पगारवाढीचे करार करण्यात तीस वर्षे गेली, त्यामुळे एक खोड जडली आहे. सही कुणाची ते मी मागाहून पाहतो. खाली बारीक अक्षरांत काय आहे ते आधी वाचतो.

१६ डिसेंबर १९६६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांचे दोन करार मंजूर केले: एक नागरी व राजकीय हक्कांचा, दुसरा आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा. या दुसऱ्याच्या आठव्या कलमात युनियन काढण्याचा आणि, देशाच्या कायद्याला धरून, संपाचाही हक्क आहे. भारत १० एप्रिल १९७९ रोजी दोन्हींत सामील झाला. आणीबाणीत विनाचौकशी तुरुंगात पडलेली माणसेच तेव्हा सरकारात होती. तरीही सामील होताना खुलासे जोडले गेले. आठवे कलम आपल्या घटनेच्या १९व्या कलमाला धरूनच लागू होईल, हा एक. त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. दुसरा खुलासा मात्र मला बोचतो. पहिल्या कराराचे नववे कलम म्हणते, बेकायदा अटक झालेल्याला भरपाई मिळाली पाहिजे. आपण लिहून दिले की, अशी भरपाई सरकारकडून वसूल करण्याचा हक्क आमच्या कायद्यात नाही!

आमच्या एका सभासदाला संपाच्या आदल्या रात्री घरातून उचलले. दोन दिवसांनी सोडले. गुन्हा काही नाही. सुटल्यावर त्याने मला एवढेच विचारले, "दादा, माझे दोन दिवस कोण भरून देणार?" शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

उत्तर शोधताना मला ओरिसातल्या नीलाबती बेहरा या आईची हकीकत सापडली. १९८७ साली तिचा बावीस वर्षांचा मुलगा पोलिसांच्या ताब्यात गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याचे प्रेत रेल्वेच्या रुळांवर मिळाले. तिने सर्वोच्च न्यायालयाला साधे पत्र घातले. १९९३ साली न्यायालयाने तिला दीड लाख रुपये देवविले आणि निकालात याच नवव्या कलमाचा आधार घेतला. पुढे १९९६ साली डी. के. बसू खटल्यात न्यायालयाने म्हटले की, त्या खुलाशात आता अर्थ उरलेला नाही. गंमत अशी की, सरकारने तो अजून मागे घेतलेला नाही.

हे सारे मी त्या सभासदाला सांगितले. तो म्हणाला, "मग आपणही पत्र घालू, थेट जिनिव्हाला." तिथल्या समितीकडे एकट्या माणसाला तक्रार नेता येते, पण त्यासाठी एक जोडकरार आहे आणि त्यात आपला देश सामील झालेला नाही. जिनिव्हाची वाट बंद होती. तेव्हा उच्च न्यायालयात जायचे तर वकिलाची फी किती होईल, याचा हिशेब आम्ही दोघे पावतीपुस्तकाच्या पाठीवर मांडीत बसलो.