ढोल डोक्यात नको, समोर हवा

आजचा भाग ऐकताना इअरफोन दोन्ही कानांत घाला. वाचत असाल तर उत्तमच, सेटिंग्ज लिहून घ्यायला सोपं जाईल.

गणपती जवळ आले की नदीपात्रात पथकांचे सराव सुरू होतात, आणि लगेच फोनवर ‘8डी ढोल-ताशा, हेडफोन लावून ऐका’ असल्या क्लिप फिरायला लागतात. ऐकल्यात ना? आख्खं पथक डोक्याभोवती भिंगरीसारखं गरागरा फिरतं. आता मला सांगा, पुण्यातलं कुठलं पथक असं वाजवतं? ही 8डी वगैरे भानगड नसतेच. साधं स्टिरिओ रेकॉर्डिंग डावी-उजवीकडे सरकवायचं आणि वर थोडा घुमारा टाकायचा, झालं. पण तुमचा दादा नोकरीसाठी बाहेरगावी आहे, यंदा मिरवणुकीला येता येणार नाही, आणि त्याला पथकासमोर उभं केल्यासारखं ऐकवायचंय. मग भिंगरी कामाची नाही. ताशा ताशाच्या जागी लागतो.

त्यासाठी अँबिसॉनिक नावाची पद्धत आहे. 1970च्या दशकात इंग्लंडमध्ये मायकेल गर्झन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती उभी केली. चार तोंडांचा माइक चारी बाजूंचा आवाज घेतो आणि त्यातून चार ट्रॅक तयार होतात: एक सगळीकडचा मिळून, बाकी तीन पुढे-मागे, डावी-उजवी आणि वर-खाली. झूम एच3-व्हीआर हा असाच एक रेकॉर्डर. विकत घ्यायलाच पाहिजे असं नाही, भाड्याने मिळाला तरी चालेल. सॉफ्टवेअरचं म्हणाल तर रीपर 60 दिवस फुकट वापरून बघता येतं, आणि ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या संस्थेचे आयईएम प्लग-इन तर कायमचेच फुकट.

रेकॉर्ड करताना ऑटो गेन बंद. हे पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं. दिशा ठरते ती चार ट्रॅकच्या आपसातल्या प्रमाणावरून. एका ट्रॅकचा गेन जरी वेगळा हलला तरी दिशा गेली. पथकाला पूर्ण जोरात दोन मिनिटं वाजवायला सांगा, सगळ्यात मोठा ठोका मीटरवर उणे 12 डेसिबलच्या आसपास येईल असा गेन लावा आणि मग त्याला हात लावू नका. ताशा एकदा फाटला की कुठल्याच प्लग-इनने शिवता येत नाही!

आता सॉफ्टवेअर. ट्रॅकला चार चॅनल द्या आणि फॉरमॅट बघा. इथे भलेभले फसतात. जुना फॉरमॅट फ्यूमा, त्यात चॅनलचा क्रम डब्ल्यू, एक्स, वाय, झेड. हल्लीचा अँबिक्स, त्यात डब्ल्यू, वाय, झेड, एक्स. फाइल फ्यूमा आणि सेटिंग अँबिक्स असेल तर समोरचा ताशा डावीकडे जातो आणि डावीकडचे ढोल थेट आकाशात. माइक बिघडलाय असं वाटतं, पण बिघडलेला असतो फक्त क्रम. रेकॉर्डिंग सुरू होताच माइकच्या समोर, डावीकडे, उजवीकडे आणि मागे उभं राहून एकेक टाळी वाजवून ठेवा. नंतर त्या टाळ्यांवरून सगळं तपासता येतं. ‘समोर’ थोडंसं चुकलं असेल तर सीनरोटेटर प्लग-इनमध्ये यॉ फिरवा.

शेवटी बायनॉरलडिकोडर. चार ट्रॅकचे दोन कान होतात ते इथे. डाव्या बाजूचा आवाज उजव्या कानाला जास्तीत जास्त साधारण 0.7 मिलिसेकंद उशिरा पोचतो. एवढ्याशा फरकावरून आणि कानाच्या पाळीच्या आकारावरून मेंदू दिशा काढतो. पण या डिकोडरमधले कान तुमचे नाहीत, नॉयमन कंपनीच्या केयू 100 या पुतळ्याच्या डोक्याचे आहेत. म्हणून काहींना समोरचा ताशा पाठीमागे ऐकू येतो. त्यात तुमची चूक नाही. खऱ्या आयुष्यात आपण मान किंचित हलवून खात्री करतो, तशी सोय फाइलमध्ये नसते. त्यामुळे मिक्स दोन-तीन मित्रांना ऐकवा. डोळे मिटून ताशाकडे बोट दाखवायला सांगा.

ढोलाच्या थापेची मात्र फार चिंता करू नका. इतक्या खालच्या आवाजाची दिशा कानाला नीट पकडताच येत नाही. टिपरू, ताशा, झांज, दिशा कळते ती यांच्यावरून. थाप वाढवत बसलात तर तेच आधी बुडेल. रिव्हर्बही नको. लक्ष्मी रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या इमारतींवर आपटून येणारा आवाज रेकॉर्डिंगमध्ये आहेच. त्यावर सॉफ्टवेअरमधला हॉल चढवला की लक्ष्मी रस्त्याचं मंगल कार्यालय होतं.

फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. दादाला सांगा, फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत ‘मोनो ऑडिओ’ बंद आहे ना ते बघ, आणि फोनचा स्वतःचा स्पेशल ऑडिओ किंवा डॉल्बी इफेक्टही बंद कर, नाहीतर एकाच आवाजावर दोनदा प्रक्रिया होते. आणि व्हॉल्यूम बेताचा ठेव म्हणावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने 80 डेसिबलला आठवड्याचे 40 तास चालतात. आवाज वाढला की हे तास भराभर कमी होतात. नदीपात्रात वाजवणाऱ्यांनी तर कानात बोळे घालाच, पथकात कोणी हसलं तरी!

तुमच्या सरावाची अशी फाइल केलीत तर जरूर पाठवा, टाळ्यांसकट. भेटू पुढच्या भागात.