होळीस पाहुणे म्हणून जाताना
(केंद्रातील शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



होळी जवळ आली आहे. अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील आदिवासी बांधवांची होळी पाहण्यास आपल्यापैकी अनेकजण जातील; काहीजण वरच्या वर्गांतील मुलांनाही बरोबर नेतील. अवश्य जावे. परंतु कसे जावे, याविषयी दोन शब्द बोलणे मला अगत्याचे वाटते. कारण या बाबतीत मी स्वतः एकदा चुकलो आहे.

तीसएक वर्षांपूर्वी मी सातपुड्यातील एका शाळेवर नवीनच रुजू झालो होतो. शाळा पाहण्यास पाहुणे यावयाचे होते. त्यांच्या स्वागतासाठी मुलांनी अंगावर राखेचे ठिपके काढून व कमरेस वाळलेले भोपळे बांधून नाचावे, असे मी ठरविले. एक मुलगा काही केल्या तयार होईना. मी त्यास सर्वांदेखत रागावलो. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील आले आणि शांतपणे म्हणाले, "गुरुजी, हे सोंग नाही. होळीची पालनी धरली म्हणजेच हे अंगावर चढते." मी निरुत्तर झालो. मुलगा आठ दिवस शाळेत आला नाही. अखेर मीच त्याच्या घरी गेलो व आपली चूक कबूल केली.

पालनी म्हणजे व्रत. होळीत मोरपिसांचा टोप घालून, घुंगरू व भोपळे बांधून जे पुरुष नाचतात, ते त्यापूर्वी काही दिवस ब्रह्मचर्य पाळतात, खाटेवर निजत नाहीत. रात्रभर ढोल वाजतात आणि काठीची होळी पहाटे पेटते. हे सर्व ध्यानी घेतले म्हणजे आपण तमाशा पाहावयास नव्हे, तर दुसऱ्याच्या देवकार्यास आलो आहोत, हे वेगळे सांगावे लागत नाही.

म्हणून काही पथ्ये पाळावीत. गावात पोचताच जाणत्या मंडळींना भेटून कोठे उभे राहावे ते विचारावे. नाचणाऱ्यांच्या रिंगणात शिरू नये; त्यांनी बोलाविले तरच जावे. व्रतस्थाच्या अंगास वा टोपास हात लावू नये. छायाचित्र घ्यावयाचे असल्यास आधी अनुमती मागावी, आणि नकार मिळाला तर मोबाइल निमूटपणे खिशात ठेवावा. स्त्रियांची छायाचित्रे चोरून घेणे हा तर निव्वळ असभ्यपणा होय. वेश पाहून हसू नये, पैसे फेकू नयेत, मागे कचरा टाकू नये.

मुलांना नेण्यापूर्वी हे वर्गात सांगावे. त्याहून चांगले म्हणजे, वर्गात त्या समाजाची मुले असतील तर त्यांच्या आजोबांस शाळेत सन्मानाने बोलवावे आणि आपण मुलांत बसून ऐकावे. मात्र कोणत्याही मुलास सांगण्याचा वा नाचण्याचा आग्रह करू नये.

आपल्या घरच्या सणाचा गुरुजी मान राखतात, हे ज्या मुलाने पाहिले, त्यास शाळा परकी वाटत नाही. माझ्या हातून तो विद्यार्थी आठ दिवस दुरावला होता. आपल्या हातून एकही दुरावू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.