शाळेतील संगणक आणि शिक्षक
(वार्षिक संमेलनातील भाषण)



शिरूर व दौंड तालुक्यांतील शाळांना संगणक भेट द्यावेत, असा ठराव आज आपणापुढे यावयाचा आहे. त्यास माझा पाठिंबा आहे. परंतु दान सत्कारणी लागावे म्हणून दोन शब्द बोलण्याची अनुज्ञा मागतो.

घोड आणि भीमेच्या काठच्या शेतकऱ्यास हे सांगणे नलगे की, विहिरीवर पंप बसविल्याने पीक येत नाही. पाणी केव्हा आणि किती द्यावयाचे, हे जाणणारा माणूस लागतो. शाळेत तो माणूस म्हणजे शिक्षक. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत श्री. रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. मोबाईल त्यावर धरताच कविता ऐकू येऊ लागली, धडा डोळ्यांपुढे उभा राहू लागला. २०२० साली त्यांना १० लक्ष डॉलरांचा जागतिक शिक्षक पुरस्कार लाभला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांस वाटून दिली. आपल्या शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीच्या शाळेत मुलांच्या हाती टॅब आले, ते शिक्षक आणि ग्रामस्थ एकदिलाने झटले म्हणून. यंत्र बाजारात मिळते. कल्पकता आणि गावाची साथ मिळत नाही.

वर्गात यंत्र कसे वापरावे? ग्रहण कसे लागते, हे फळ्यावर समजाविताना शिक्षकाची दमछाक होते. पडद्यावरील हलते चित्र ते क्षणात दाखविते. परंतु त्यानंतर मुलाने दिवा आणि चेंडू घेऊन तेच स्वहस्ते करून दाखविले, तरच ज्ञान पक्के झाले म्हणावे. संगणक एक आणि मुले चाळीस असली, तर चौघाचौघांचे गट करावेत; एकाने यंत्र चालवावे, इतरांनी उत्तर शोधावे, आणि पाळी रोज बदलावी; नाहीतर धीट मुलगाच यंत्रापाशी बसतो व लाजरी मुलगी मागे राहते.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा ज्याच्या घरी मोबाईल होता त्याचा अभ्यास कसाबसा चालला. ऊसतोडणी कामगाराच्या कोपीतील लेकराचा खुंटला. विद्येची नवी साधने ही अशी नवी दरीही निर्माण करू शकतात.

म्हणून ठरावास माझ्या तीन उपसूचना आहेत. पहिली, संगणकांची संख्या निम्मी करावी आणि उरलेला निधी वीजबिल व दुरुस्तीसाठी राखून ठेवावा. कपाटात धूळ खाणारे यंत्र दात्यासही भूषणावह नाही. दुसरी, शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा खर्च आपण उचलावा, आणि त्यांना काय शिकावयाचे आहे हे प्रथम त्यांनाच विचारावे. तिसरी, ही देणगी केवळ आपल्या ज्ञातीच्या मुलांपुरती नसावी. शाळेच्या बाकावर शेजारी बसणाऱ्या दोन मुलांत आपण भेद केला, तर आपले दान कोते ठरेल.

सभा या सूचनांचा विचार करील, अशी आशा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.