काशीदचा किनारा : वारसा, पर्यटन आणि आपले दायित्व

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



मुंबई-पुण्याचा पर्यटक काशीदला येतो तो शुभ्र वाळू आणि सुरूच्या बनासाठी. परंतु या वाळूच्या दोन्ही अंगांना दोन सहस्र वर्षांचा इतिहास पसरलेला आहे. दक्षिणेस मुरूडचा जंजिरा आणि शिवछत्रपतींनी उभारलेला पद्मदुर्ग. उत्तरेस पोर्तुगीजांचा कोर्लई किल्ला, ज्याच्या पायथ्याशी पोर्तुगीज आणि मराठीच्या संयोगातून घडलेली बोली अद्याप जिवंत आहे. आणि कुंडलिकेच्या खाडीपलीकडे रेवदंडा व चौल.

मी कापडाचा व्यापारी असल्याने चौलविषयी मला विशेष ममत्व वाटते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात या बंदराचा उल्लेख आहे. कान्हेरीच्या शिलालेखांत ‘चेमुल’च्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. पुढे पोर्तुगीज अमदानीत येथील रेशमी वस्त्रे दूरदेशी जात. या शतकाच्या आरंभी पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी येथे उत्खनन करून या प्राचीन बंदराचे अवशेष उजेडात आणले.

हे सारे वैभव आज नारळी-पोफळीच्या वाड्यांखाली निद्रिस्त आहे, आणि खरी चिंता तेथेच आहे. केंद्र संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील दोनशे मीटरवर नियंत्रण आहे. २०१० च्या दुरुस्तीने हा नियम कायद्यातच अंतर्भूत झाला. पण जे स्मारक म्हणून घोषितच नाही, त्याला हे कवच कोठून लाभणार? बंगल्याचा पाया किंवा पोहण्याचा तलाव खोदताना शतकांचे थर एका दिवसात नष्ट होतात. तुटलेली भिंत पुन्हा बांधता येते, विस्कटलेला थर पुन्हा रचता येत नाही.

वाणिज्याचा विद्यार्थी म्हणून मी एवढेच म्हणेन की वारसा हे मुद्दल आहे आणि पर्यटन हे त्याचे व्याज. व्याजावर संसार करावा. मुद्दलास हात लावणारी पेढी फार काळ टिकत नाही. २०२५ साली आपल्याच जिल्ह्यातील रायगड आणि खांदेरी हे किल्ले जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. त्यामुळे या किनाऱ्याकडे येणारा ओघ वाढेल. नियोजन त्याच्या आधी व्हावयास हवे. वाहनतळ, स्वच्छतागृहे आणि उपाहारगृहे तटबंदीपासून दूर असावीत. नवी बांधकामे बैठी, उतरत्या छपरांची असावीत. काशीदला थांबणाऱ्यास कोर्लई-चौलची वाट दाखविणारा फलक असावा आणि माहिती सांगणारा तरुण याच गावांतील असावा.

बंधूंनो, या किनाऱ्यावर जागा घेणाऱ्यांत आपला व्यापारी वर्गही आहे. म्हणून माझी विनंती सरकारच्या आधी आपणांस आहे. पाया खोदण्यापूर्वी जाणकारास जागा दाखवा. जुनी वीट, नाणे अथवा खापर सापडल्यास काम थांबवून पुरातत्त्व विभागास कळवा. चार दिवसांचा विलंब आपणांस परवडेल. चौलचा इतिहास मात्र दुसऱ्यांदा विकत मिळणार नाही.