समुद्राचा फिर्यादी कोण?



समुद्रापासून इतक्या दूर, सुलतानपुरात, जहाजांच्या घाणीपासून समुद्र राखणाऱ्या कायद्यांवर बोलायचे, हे काहींना नवलाचे वाटेल. पण लोणारचे सरोवर आपल्या शेजारीच आहे. त्याच्या पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. आत गेले ते आतच राहिले. समुद्राची गतही तीच. साऱ्या नद्यांचे ओझे त्याच्याकडे येते. त्याने ते कोणाच्या दारी टाकावे?

आता अडचण पाहा. कोणी दुसऱ्याच्या विहिरीत घाण टाकली तर पंचनामा करता येतो. भर समुद्रात, रात्रीच्या वेळी जहाजाने तेलकट पाणी सोडले, तर पंच कोठून आणावयाचे? सकाळपर्यंत जहाज कोठल्या कोठे गेलेले असते. १९७३ साली झालेल्या आणि १९७८ साली सुधारलेल्या ‘मार्पोल’ या आंतरराष्ट्रीय कराराने यावर मोठी शहाणपणाची तोड काढली. त्याने जहाजालाच स्वतःविरुद्ध साक्षीदार केले! जहाजावर तेलाची नोंदवही ठेवलीच पाहिजे. इंजिनखोलीतले पाणी गाळूनच सोडावयाचे. त्यात दहा लाख भागांस १५ भागांहून अधिक तेल नको, म्हणजे लाख लिटर पाण्यात फार तर दीड लिटर. प्लास्टिक तर कोठेच टाकावयाचे नाही. जहाज बंदराला लागले की तेथील अधिकारी ही वही तपासू शकतो. मग जहाजाचा ध्वज कोणत्याही देशाचा असो.

आपल्या संसदेने १९५८च्या व्यापारी नौवहन कायद्यात १९८३ साली तेलप्रदूषणाची कलमे घातली, आणि २०२५ साली त्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. १९७८च्या कायद्याने तटरक्षक दलावर सागरी पर्यावरण राखण्याचे कर्तव्यही सोपविले आहे. कायदे नाहीत, अशी तक्रार आम्ही करणार नाही.

पण चोरून सोडलेले तेल वेगळे आणि अपघात वेगळा. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ ही जहाजे एकमेकांवर आदळली. सुमारे ८०० टन तेल सांडले, कीटकनाशकांचे डबेही समुद्रात गेले. किनाऱ्यावरची खारफुटी काळी पडली आणि मासळीला गिऱ्हाईक उरले नाही. टक्कर जहाजांची, उपास मात्र कोळ्याच्या घरी!

पुढच्याच वर्षी, ४ ऑगस्ट २०११ रोजी, ६० हजार टनांहून अधिक कोळसा घेऊन ‘राक कॅरियर’ मुंबईजवळ बुडाले. त्याच्या पोटात इंधनाचे तेलही होते. एका नागरिकाने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे धाव घेतली. ऑगस्ट २०१६ मध्ये न्यायाधिकरणाने जहाजाशी संबंधित कंपन्यांनी १०० कोटी रुपये भरपाई द्यावी आणि कोळशाच्या मालकाने ५ कोटी द्यावेत, असा निकाल दिला. निकाल मोठा खरा. पण तेल पसरावयास एक रात्र पुरली, आणि निकालास पाच वर्षे लागली.

ह्या पाच वर्षांतच आमच्या व्याख्यानाचे सार आहे. जहाज बुडते तेव्हा मालक एका देशात, ध्वज दुसऱ्या देशाचा आणि घाण तिसऱ्याच्या किनाऱ्यावर, असा प्रकार असतो. म्हणून भरपाईची हमी जहाज बंदराला लागण्यापूर्वीच घेतलेली असावी, आणि तिच्यातला पहिला वाटा ज्याचे जाळे रिकामे राहिले त्याच्या हाती लवकर पडावा. कायद्याची परीक्षा तेथे आहे.

समुद्राला स्वतः फिर्याद देता येत नाही. राक कॅरियरच्या वेळी ती एका नागरिकाने दिली. ती देण्यास किनाऱ्यावरच राहावे लागते असे नाही. सुलतानपूरचा माणूसही ती देऊ शकतो.